दुरुस्तीच्या दुकानात घडलेला कारखानदार

लिलावात निघालेली किंवा एखाद्या वाडीमागे वर्षानुवर्षे पावसात उभी असलेली जुनी जीप विकत घ्यावयाची, तिचा पत्रा न् पत्रा सुटा करावयाचा, इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलावयाच्या, चासीवरचा गंज खरवडून काढावयाचा आणि चढण-चिखलाच्या वाटांसाठी तिला नव्याने सिद्ध करावयाचे, हा छंद आता महाराष्ट्रातील शहरांत बऱ्यापैकी रुजला आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात जांभ्या दगडाचे सडे, घाटाची वळणे आणि पावसाळ्यातील लाल चिखल यांतून वाट काढावी लागते. तेथे अशा गाडीचे मोल शोभेपेक्षा उपयोगातच अधिक. या छंदात पडलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट लवकरच उमगते. ज्याने ती गाडी घडवली त्याने आपला रस्ता, आपला पाऊस आणि आपला भार डोळ्यांपुढे ठेवलेला नव्हता. त्यामुळे नुसता मोडका भाग बदलून भागत नाही. तो का मोडला याचा शोध घ्यावा लागतो, आणि त्या शोधातूनच जुन्या यंत्रात काही नवे करण्याची बुद्धी होते.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हाच शोध आपले जीवितकार्य केले. त्याच्या हाती मोटार नव्हती, सायकल होती. पण मोडके यंत्र उघडून पाहण्याच्या त्या ओढीतून महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा एक मोठा प्रवाह निघाला. लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर हे त्यांचे नाव. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील, आणि 1981 सालच्या विभाजनानंतर सिंधुदुर्गात गेलेल्या मालवण तालुक्यातील किर्लोस या गावावरून हे आडनाव आले. कोकणातून देशावर गेलेल्या अनेक घराण्यांप्रमाणे हे घराणेही घाट चढून गेले आणि बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे स्थिरावले. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. एकाच छोट्या गावाने महाराष्ट्राला नाट्यगृह दिले आणि कारखानाही दिला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने शिकावे, परीक्षा द्याव्यात आणि प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील अपेक्षा असे. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमले नाही. त्याचा ओढा चित्रे काढण्याकडे आणि हाताने काही घडविण्याकडे होता. पुस्तकी विद्या ही विद्या आणि हातांची विद्या हा कारागिरांचा धंदा, अशी समाजाची सरळ वाटणी झालेली होती. त्या वाटणीच्या नको त्या बाजूला हा मुलगा ओढला जात होता, आणि घरच्यांची चिंता त्यामुळेच होती.

वडिलांचा विरोध असतानाही वडीलबंधू रामूअण्णांच्या पाठिंब्यावर 1885 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे ते चित्रकला शिकले. रेषेवर त्यांचा हात चांगला बसला होता. परंतु त्यांना काही रंगांमधील भेद ओळखता येत नाही, असे याच सुमारास निष्पन्न झाले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी यापेक्षा मोठा आघात तो कोणता असणार? घरच्यांच्या इच्छेविरुद्ध निवडलेला मार्गच निसर्गाने बंद केला होता. अपयश घेऊन गावी परतणे हा सर्वांना अपेक्षित शेवट होता. लक्ष्मणरावांनी तो स्वीकारला नाही. रंग गेले तरी रेषा हाती होती आणि रंगावाचून रेषेचेच राज्य जेथे चालते असे एक क्षेत्र होते. ते म्हणजे यंत्रांचे आरेखन.

1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. पुढे व्हीजेटीआय या नावाने ती सर्वपरिचित झाली. लक्ष्मणराव तेथे यंत्रारेखन शिकले आणि त्याच संस्थेत साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. परंतु यंत्राचे चित्र काढायचे म्हणजे ते आतून समजून घ्यावे लागते. दाता कोठे अडकतो, दांडा कोणत्या बाजूला फिरतो, भार कशावर पडतो, हे ठाऊक असल्यावाचून छेदचित्र काढता येत नाही. कार्यशाळेतील यंत्रे पाहणे, ती सुटी करणे आणि पुन्हा जुळविणे हे त्यांचे खरे शिक्षण ठरले. जन्मभर जे कसब त्यांच्या कामी आले ते याच काळात कमावलेले होते.

सायकल त्यांच्या आयुष्यात आली ती याच मुंबईत. ते वाहनही तेव्हा नवेनवे होते. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे वीतभर, अशा जुन्या धोकादायक सायकलींची जागा दोन सारख्या चाकांच्या आणि साखळीच्या सायकलीने नुकतीच घ्यावयास आरंभ केला होता. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल 1885 साली आली आणि जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेची धाव 1888 साली काढली. हिंदुस्थानात सायकल आली ती साहेबाचे आणि श्रीमंतांचे वाहन म्हणून. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, असे सांगितले जाते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला धाडीत आणि रामूअण्णा त्या तेथे विकीत. ज्याला सायकल चालविता येत नसे त्याला पंधरा रुपये घेऊन ती शिकविण्याचीही सोय होती. 1888 हे किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते ते या व्यवहारामुळे. किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी प्रथम झळकली ती सायकलींच्या एका लहानशा दुकानावर.

काही काळ नोकरी आणि धंदा असे दोन्ही चालले. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. गुण असूनही कातडीच्या रंगामुळे मागे राहावे लागणे हा त्या काळातील सुशिक्षित हिंदी माणसाचा नित्याचा अनुभव होता. बहुतेकजण तो गिळून नोकरीत टिकून राहत, कारण पगाराची शाश्वती सोडवत नसे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला येऊन पूर्ण वेळ दुकानात उतरले. पांढरपेशा घरातील, मुंबईत मास्तरकी केलेला माणूस हाताला वंगण लावून सायकली दुरुस्त करीत बसतो, हे दृश्य त्या काळच्या बेळगावला सहजी पचणारे नव्हते. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो रस्ता पुढे किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जाऊ लागला. पण ही प्रतिष्ठा फार नंतरची. आरंभी वाट्याला आले ते लोकांचे नवल आणि थोडा उपहास.

या दुकानाने लक्ष्मणरावांना काय दिले, याचा विचार येथे करावयास हवा. विलायतेत तयार झालेली सायकल विलायतेच्या रस्त्यांसाठी होती. बेळगाव भागातील मुरुमाचे आणि खडीचे रस्ते, बाभळीचे काटे, चार महिन्यांचा पाऊस आणि उरलेल्या आठ महिन्यांची धूळ यांचा हिशेब तिच्या कारखानदाराने केलेला नसे. एखादा भाग निकामी झाला की नवा भाग बोटीने येईपर्यंत वाट पाहणे, किंवा तो येथेच कानस, छिन्नी आणि ऐरण यांच्या साहाय्याने घडविणे, एवढे दोनच मार्ग असत. जो दुसरा मार्ग धरतो त्याला धातूची जात ओळखावी लागते आणि माप काटेकोर ठेवावे लागते. मूळ भागात उणीव असेल तर ती भरून काढावीशीही वाटू लागते. दुरुस्ती करणारा आणि कर्ता यांच्यातील अंतर अशा रीतीने दिवसेंदिवस कमी होत जाते.

जगात इतरत्रही त्या वेळी नेमके हेच घडत होते, ही लक्षणीय गोष्ट आहे. अमेरिकेत डेटन या गावी ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या भावांनी 1892 साली सायकलींचे दुकान काढले. सायकली दुरुस्त करता करता ते स्वतःच्या सायकली बनवू लागले आणि त्याच दुकानाच्या मिळकतीवर व हत्यारांवर त्यांचे विमान 1903 साली उडाले. बोहेमियात व्हात्स्लाव्ह क्लेमेंट या पुस्तकविक्रेत्याने 1895 साली एका यांत्रिकाला जोडीस घेऊन सायकलींचा धंदा उभा केला. आजची स्कोडा मोटार त्याच रोपट्याची. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस नावाचा तरुण सायकली दुरुस्त करीत असे. त्याच्या कारखान्यातून पुढे मॉरिस मोटारी निघाल्या आणि आपली अँबॅसेडर ही त्याच वंशातली. एकमेकांचे नावही न ऐकलेली ही माणसे एकाच शाळेत शिकत होती. त्या शाळेचे नाव दुरुस्तीचे दुकान.

त्या देशांत सायकलीपुढची पायरी मोटारीची किंवा विमानाची होती. बेळगावात ती कोणती असावी? लक्ष्मणरावांनी याचे उत्तर आपल्या भोवतालच्या शिवारात शोधले. सायकल घेणारे लोक मूठभर होते, पण बैल आणि जमीन घरोघर होती. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. ज्वारीचे ताट जाड आणि कडक. ते अखंड पुढ्यात टाकले की जनावर पाला आणि कोवळा भाग खाते व बुंधा तुडवून टाकते. तोच कडबा बारीक कापून घातला तर वाया जात नाही. दुष्काळी भागात वाचलेली वैरण म्हणजे वाचलेला बैल. एका चाकाला पाती बसवून, पण आपल्या कडब्याच्या जातीला सोसेल असे हे यंत्र घडविण्यात दुकानातील अनुभवच कामी आला.

त्यापुढचा नांगर मात्र सहजासहजी मार्गी लागला नाही. देशी लाकडी नांगर जमीन फाडीत जातो, पण माती उलथवीत नाही. हरळीसारखे खोल मुळांचे तण त्याला दाद देत नाही. परदेशी लोखंडी नांगराला वळलेला पत्रा असतो. फाळाने सुटलेला मातीचा पट्टा त्या पत्र्यावर चढून उलटा पडतो, तण गाडले जाते आणि खालची माती उन्हाला तापते. लक्ष्मणरावांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत असा नांगर येथे घडविला. पण तो घेण्यास शेतकरी पुढे येईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते आणि ती नापीक होते, असा समज खेड्यापाड्यांत पसरलेला होता. सुमारे दोन वर्षे नांगर पडून राहिले.

शेतकऱ्याच्या या संशयाला अडाणीपणा म्हणणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे मानले नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका नांगरटीवर अवलंबून आहे तो माणूस न पाहिलेल्या अवजारावर आपली जमीन लावणार नाही, हे त्यांनी ओळखले. ते आणि त्यांचे सहकारी नांगर घेऊन शेतावर जात, चालवून दाखवीत आणि ज्या तक्रारी येत त्या परत कारखान्यात आणीत. नांगराचा जो भाग मातीशी सतत घासला जातो तो सर्वांत आधी झिजणार. म्हणून तो कठीण असावा, तसाच सुटा करून बदलता येण्याजोगाही असावा. साऱ्या नांगराला लोहाराकडे नेण्याऐवजी शेतकऱ्याला बांधावर बसून पान्याने फाळ बदलता आला पाहिजे. सुट्या भागांचा हा विचार मुळात सायकलीच्या दुकानातला आहे. गिऱ्हाइकाच्या हाती यंत्र गेल्यानंतर त्याचे काय होते हे दुकानदाराला रोज दिसत असते, कारण मोडके यंत्र त्याच्याच दारी येते. किर्लोस्करांच्या नांगराचा पुढे जो लौकिक झाला त्याचे मर्म येथे आहे.

धंदा मार्गी लागत असतानाच बेळगावची जागा सुटली. कारखाना ज्या भूमीवर होता ती नगरपालिकेला वसाहतीसाठी हवी होती आणि लक्ष्मणरावांना तेथून हलणे भाग पडले. वय चाळिशीचे. मोठ्या कष्टाने उभी केलेली भट्टी आणि यंत्रे उखडून न्यावयाची, पण न्यावयाची कोठे याचे उत्तर नव्हते. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंधच्या एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे काम त्यांनी पाहिले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलेचे दर्दी. रंग हिरावले गेलेल्या एका जुन्या कलाविद्यार्थ्याची पारख एका चित्रकार राजाला व्हावी, हा योगायोग मोठा हृद्य आहे. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले.

10 मार्च 1910 रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. निवडुंग माजलेला, साप-नागांचा सुळसुळाट आणि पाण्याची टंचाई, अशी ती जागा होती. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे राहावयास गेले. सुटी केलेली यंत्रे पुन्हा जुळविण्यात आली. एखादी गाडी मोडून पुन्हा उभी करणे आणि अख्खा कारखाना मोडून पुन्हा उभा करणे यांत प्रमाणाचा फरक आहे, पण धीर एकाच जातीचा लागतो. कोणता भाग कोठून निघाला हे ज्याच्या ध्यानात पक्के असते त्याला सारे सुटे झाल्याची भीती वाटत नाही.

या कामी त्यांना लाभलेली माणसेही त्यांच्यासारखीच होती. रामूअण्णांकडे वसाहतीची व्यवस्था होती. शंभूराव जांभेकर हे कोणतेही यंत्र हाती आले तरी ते चालू करून दाखविणारे गडी. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिलेले, परंतु यंत्ररचनेत त्यांची कल्पकता अपूर्व होती. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. कागदावरील पात्रता पाहिली असती तर यांतील कित्येकांना इतर कारखान्यांनी दारातही उभे केले नसते. लक्ष्मणराव माणसांची पारख यंत्रांप्रमाणेच करीत. काय मोडले आहे यापेक्षा काय चालू होऊ शकेल, हे ते पाहात. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या राखणदारीवर नेमले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मज्जाव केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, एका संस्थानी खेड्याच्या शेजारी, हे पाऊल साधे नव्हते.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आवक आटली. नांगरांना मागणी होती, पण बीड नव्हते आणि भट्टीसाठी दगडी कोळसा मिळेना. अशा वेळी लक्ष्मणरावांतील दुरुस्तीदार पुन्हा जागा झाला. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर भट्टी चालविण्याचे प्रयोग झाले. भंगार लोखंड गोळा करण्यात आले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातील जुन्या, निरुपयोगी तोफा या कामी दिल्या. ज्या तोफांनी कधीकाळी माणसे मारली त्या वितळून त्यांचे नांगर झाले. जुन्या वस्तूला नवा उपयोग देण्याचे याहून बोलके उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

युद्ध संपल्यानंतर 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केले. मालाच्या माहितीसाठी निघालेल्या या पत्रकाचे पुढे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेखन याच मासिकातून महाराष्ट्रभर पोहोचले. कोकणातून आलेल्या आडनावाचा कोकणाशी असा एक वेगळाच धागा पुन्हा जुळला. यंत्र म्हणजे संस्कृतीवरील संकट, असे मानणाऱ्या काळात यंत्राची बाजू ठामपणे मांडणारे व्यासपीठ एका नांगराच्या कारखान्याने मराठी वाचकाला दिले, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप निघाले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून 1926 साली पदवी घेऊन परतले. वडिलांपाशी हाताची विद्या होती, मुलाने शास्त्राची विद्या आणली. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, नांगर खपेनासे झाले, तेव्हा याच कारखान्यात लोखंडी खाटा आणि खुर्च्या होऊ लागल्या. हाती असलेल्या हत्यारांतून आणखी काय करता येईल, हा प्रश्न त्या घराला नवा नव्हता. 1941 साली हरिहर येथे लेथसारखी यंत्रे बनविण्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. 1946 साली पुण्यात खडकी येथे तेलाची इंजिने आणि बेंगळुरात विजेच्या मोटारी बनविणाऱ्या कंपन्या निघाल्या. शेतकऱ्याच्या विहिरीवर किर्लोस्करांचे इंजिन हे मराठी खेड्यातील परिचित दृश्य झाले. त्या इंजिनाचा विशेष असा की, तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ते उघडून दुरुस्त करू शके.

आयुष्याच्या अखेरीस लक्ष्मणरावांना आणखी एक मोडतोड पाहावी लागली, आणि ती यंत्राच्या दोषाने झालेली नव्हती. 1948 साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर जातिभेद दूर ठेवण्याचा प्रयत्न झाला तोच माळ जातीच्या द्वेषात जळाला, याची वेदना एकोणऐंशीव्या वर्षात असलेल्या त्या वृद्धाला किती झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. कारखाना पुन्हा उभा राहिला. बेळगाव सोडल्यानंतरची ही दुसरी उभारणी. 26 सप्टेंबर 1956 रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे निधन झाले.

लक्ष्मणरावांची गणना थोर उद्योगपतींत होते आणि ती रास्तच आहे. परंतु उद्योगपती या शब्दाने भांडवल, कंपन्या आणि भागधारक डोळ्यांसमोर येतात व मूळ माणूस झाकला जातो. त्यांच्यापाशी आरंभी भांडवल नव्हते, पदवी नव्हती आणि पूर्ण दृष्टीही नव्हती. होती ती मोडलेल्या वस्तूपुढे बसण्याची चिकाटी. दुसऱ्याने केलेल्या यंत्राकडे त्यांनी ना भक्तिभावाने पाहिले ना तिरस्काराने. ते आपल्या मातीत का चालत नाही, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्याचे उत्तर हाताने शोधले. रंगांध चित्रकाराचा आरेखक झाला, अपमानित शिक्षकाचा दुकानदार झाला आणि जागा गमावलेल्या दुकानदाराचा वसाहतकार झाला. त्यांच्या आयुष्यातील प्रत्येक टप्पा म्हणजे एका बिघाडातून काढलेली वाट आहे.

वस्तू बिघडली की ती टाकून नवी आणावी, अशी सवय शहरी घरांना लागत चालली आहे. अनेक यंत्रे तर अशी घडविली जातात की मालकाला ती उघडताच येऊ नयेत. अशा दिवसांत कोणी तरुण सुट्टीच्या दिवशी जुन्या जीपखाली आडवा होऊन तिचा गिअरबॉक्स उतरवीत असेल, तर शेजारपाजारच्यांना तो वेळेचा अपव्यय वाटण्याचा संभव आहे. बेळगावच्या त्या सायकलींच्या दुकानापुढून जाणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींनाही तसेच वाटले असावे. त्या दुकानात बसलेल्या माणसाने लोकांच्या मताकडे न पाहता हातातल्या भागाकडे पाहिले. पुढे महाराष्ट्राच्या लाखो एकर जमिनीत जो नांगर चालला आणि विहिरींवर जे पंप धडधडले, त्यांची सुरुवात त्या पाहण्यात होती.